तीनशेने कमी

हॅलो? … हां, बोल ताई. … नाही गं, दुकानातच आहे. गिऱ्हाईक आहे समोर, पण बोल तू.

काय? … कधीपासून? … मुंगी सकाळपासून जेवलीसुद्धा नाही? शाळेतही गेली नाही?

थांब, एक मिनिट. काका, ती फ्रेम डोळ्यांवरच असू द्या, आणि समोरची शेवटची ओळ लागते का बघा. सावकाश. मी आलोच. … हं, बोल. आता आत आलोय, काचा घासायच्या मशीनपाशी.

संघातून नाव काढायचं म्हणते? शाळेच्या बुद्धिबळाच्या? … पाचपर्यंत सरांना कळवायचंय. … नाही, तू सरांना अजून फोन करू नकोस. अगं ऐक ना. आत्ताशी चार वाजतायत.

हो, माहितीये मला काल त्या ऑनलाइन स्पर्धेत काय झालं ते. सातपैकी सहा हरली. … आणि एक जिंकली ती समोरचा आलाच नाही म्हणून. हो. … बघत होतो ना मी फोनवर. सगळे डाव. पहिल्यापासून.

नाही गं, ढ कसली? … तिला म्हणू दे. … काय म्हणते? सलग एकोणीस डाव जिंकणारी मी एका रविवारात मठ्ठ कशी झाले, असं?

ताई, तिचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय. … नाही, उगाच अंगावर ओढून घेत नाहीये. तू आधी बस बघू. … बसलीस?

ते एकोणीस डाव आहेत ना… ती जिंकली हे खरं. पण… सांगतोय ना. फोनवर खेळताना समोर कोण येतो, ते कसं ठरतं माहितीये तुला? … नाही, आपोआप नाही. म्हणजे आपोआपच, पण आपल्याला आधी सांगून ठेवता येतं, समोरचा आपल्यापेक्षा किती वरचा चालेल, किती खालचा चालेल. … रेटिंगने गं. गुण असतात ना प्रत्येकाचे. … हं. तर तिच्या फोनमध्ये मी ते असं लावून ठेवलं, की तिच्याहून वरचा कुणी येणारच नाही. सगळे खालचे. तीनशेपर्यंत खालचे.

सहा महिने झाले. … अगं, सुरुवातीला रोज हरायची, उशा फेकायची, आठवतं ना? त्या दिवशी मी आलो होतो, तू कपाट आवरत होतीस. म्हटलं, पोरीला जरा जिंकू दे, गोडी लागू दे, मग काढून टाकू. … नाही काढलं. … विसरलो असं सांगणार होतो तुला. आत्ता, फोन उचलेपर्यंत तेच ठरवलं होतं. पण विसरलो नव्हतो.

मजा यायला लागली गं मला. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो, भाचीनं आज पुन्हा जिंकलं. डोळ्यांचा नंबर काढता काढता सांगायचो. शिकवलं कुणी, तर मी. आपलीच लाल. … हो. वासरात लंगडी गाय शहाणी. म्हण अजून काय म्हणायचं ते.

माझ्याकडे लोक येतात ना, वरची मोठमोठी अक्षरं धडाधडा वाचतात आणि म्हणतात, माझे डोळे उत्तम. हसतो मी त्यांना. आणि मुंगीला सहा महिने वरचीच ओळ वाचायला देत होतो.

स्पर्धेत? नाही, तिथे ते चालत नाही. आपण काय लावून ठेवलंय ते कुणी विचारत नाही. यादीत जो समोर येईल त्याच्याशी खेळायचं. आणि स्पर्धेला येतात तेच मुळी कसलेले. काल तिच्यासमोर बहुतेक जण तीनशे-चारशेने वरचे होते. … हो. आधी सांगायला हवं होतं.

काका, झालंच, दोन मिनिटं. अंदाजानं नका वाचू. दिसत नसेल तर नाही म्हणा, सरळ.

ताई… अजून एक आहे. तुझं रागावून होऊ दे, मग सांगतो. … बरं, आत्ताच सांगतो. मला माहीत होतं असं होणार. … कारण माझं झालं होतं. गेल्या बुधवारी, मोठ्यांची स्पर्धा होती तेव्हा. … हो, माझ्याही फोनमध्ये तेच लावलंय. मीपण एवढी वर्षं खालच्यांनाच हरवतोय. … चार डाव खेळलो, चारही हरलो. पहिला तर अकराव्या चालीला. मग बंद केलं. तुम्हाला म्हटलं ना, नेट गेलं म्हणून? … नव्हतं गेलं. … हो बाई, नाचता येईना अंगण वाकडं.

म्हणजे बुधवारीच कळलं होतं मला सगळं. तीन दिवस होते मधे. शनिवारी तर तुमच्याकडेच जेवलो. शेजारी बसली होती माझ्या, विचारत होती, मामा, पहिल्या पाचात येईन ना? आणि मी म्हटलं, येशील की.

का म्हणजे… तिला सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं. एवढंच. दुसरं काही कारण नाही.

लाज वाटते गं. काल तिचा एकेक डाव बघत होतो आणि फोन हातात घेऊन ठेवून देत होतो. मूग गिळून बसलो. बारा वर्षांच्या पोरीला तोंडघशी पाडलं मी, माझं तोंड वाचवायला.

ताई? … बोल ना काहीतरी. … हॅलो?

स्पीकरवर? … कधीपासून? … पहिल्यापासून.

…

मुंगे? … आहेस का?

हं. … हो. … हो, सगळं खरं आहे. … नाही, ते डाव तूच जिंकलीस, मी काही त्यांना हरायला सांगितलं नव्हतं. पण सोपे होते. … हो. सोपे.

कालचे नव्हते सोपे. तो पाचवा आठवतो? चारशेने वरची होती ती. पन्नास चाली झुंजवलंस तिला. मग हत्ती फुकट दिलास. … नाही, बरं वाटावं म्हणून नाही बोलत. हत्ती फुकटच दिलास तू.

मी? … चार. … शून्य. … चारात शून्य, आणि पळालो. … हो, तू शेवटपर्यंत खेळलीस.

माझ्या फोनमधलं ते आत्ता काढू? बोलता बोलता कसं… थांब, तुला स्पीकरवर घेतो. … हां. काढलं. … पूर्ण काढलं. आता वरचा कुणीही येईल, खालचा कुणीही येईल.

लगेच? अगं, बाहेर काका बसलेत. … बरं. दाबलं बटण. … आलासुद्धा. माझ्याहून दोनशे साठने वरचा आहे, मुंगे. … सोडून देऊ? … नाही, नाही सोडत. पण हरेन ना गं. … बरं.

आणि मी खेळलो तर सरांना…? … नाव राहू देशील? … शेवटपर्यंत. कबूल. … हो, नेट जाणार नाही.

काका, माफ करा, आणखी दहा मिनिटं लागतील. … काय म्हणता? … शेवटची ओळ दिसत नाही? बरं झालं सांगितलंत.

मुंगे, ठेवतो आता. माझं घड्याळ सुरू झालंय. … हो, संपला की लगेच फोन करतो. … जे झालं असेल ते. … खरं तेच सांगेन.