केशरबाईंचा फोटो

सन्माननीय अध्यक्ष किशनराव, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते शिवप्रकाश आप्पा, आणि सोनपेठच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी राजेश्री. आप्पांच्या स्टुडिओत फोटोचं काम शिकले. आता बरंचसं काम मोबाइलवरच करते. नजर अधू झाल्यामुळे आप्पा स्टुडिओ बंद करून लेकीकडं लातूरला निघालेत. निरोपाच्या भाषणात चार हसण्याच्या गोष्टी सांगायचा रिवाज आहे. मला आज ते जमणार नाही. जीवनभाऊ समोर बसलेत. त्यांना विचारूनच हे सांगते.

गेल्या वर्षी बाजारच्या दिवशी जीवनभाऊंच्या आई, केशरबाई, गर्दीत चुकल्या. त्यांना विसर पडायचा. कधीकधी स्वतःचं नावही आठवायचं नाही. जीवनभाऊंनी नात्यातल्या एका लग्नात काढलेला त्यांचा मोबाइलमधला फोटो घेतला, एका ॲपवर साफ केला आणि 'हरवल्या आहेत' म्हणून सगळीकडं पाठवला. ॲपनं काय केलं? सुरकुत्या पुसल्या, रंग उजळला, मोतीबिंदूनं पांढुरका झालेला डोळा काळाभोर केला. आई चांगली दिसावी, एवढंच लेकाच्या मनात होतं. तो फोटो आपण सगळ्यांनीच पुढं पाठवला. आठवडा गेला, एक फोन आला नाही.

मग जीवनभाऊ आप्पांकडं आले. आप्पांनी फोटो बघितला आणि विचारलं, "जीवन, ह्या कोण?"

केशरबाईंनी पूर्वी बँकेसाठी आप्पांकडं फोटो काढला होता. तोही आप्पांनी कॉम्प्युटरवर थोडा उजळला होताच. पण ते प्रत्येक बदल मूळ फोटोला हात न लावता वरच्या वेगळ्या थरावर करत. मोबाइलवरही मूळ फोटो जपता येतो, पण घाईत जपतो कोण? आप्पांनी एकेक थर बंद केला. खाली केशरबाई होत्या. खोल गेलेले गाल, तो डोळा, हनुवटीवरचं गोंदण. जीवनभाऊ बघतच राहिले.

तो फोटो छापून आम्ही तिघं गावोगाव फिरत गंगाखेडला पोचलो. स्टेशनबाहेर पेरू विकणाऱ्या सरजाबाईंनी लगेच ओळखलं. "ही म्हातारी इथंच बसायलती की. मीच भाकर द्यायचे."

"मावशी, मोबाइलवर आमचा फोटो आला नव्हता का?" मी विचारलं.

"आल्ता. सुनेनं दाखवला. पण ती बाई लय गोरी होती, बाई. ही न्हाई." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताप चढल्ता. काल दवाखान्यात नेलं तिला."

दवाखान्यात गेलो तर केशरबाई सकाळीच वारल्या होत्या. नावाच्या जागी 'अनोळखी' लिहिलं होतं. जीवनभाऊंनी चादर बाजूला केली आणि आईचं नाव सांगितलं.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "आप्पा, पहिल्याच दिवशी तुमच्याकडं आलो असतो तर?"

मला वाटलं, आप्पा आता समजूत घालतील. ते म्हणाले, "तर कदाचित भेटल्या असत्या. मी न्हाई म्हणणार न्हाई. पण फोटो तू मायेनं केल्ता, तेबी खरंय." मग त्यांनी जीवनभाऊंचा हात धरला आणि सोनपेठ येईपर्यंत सोडला नाही.

आप्पा, मला तुमच्याबद्दल एवढंच सांगायचं होतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. आजच्या दिवशी हे दुःख काढल्यानं कुणाचं मन दुखावलं असेल, तर मला लहान समजून पदरात घ्या.