समुद्रावरचा पाहुणा

सीताबर्डीच्या स्टॉपवर वीजकेंद्राच्या कॉलनीची बस काही येईना. कुसुमताई पुढच्या बाकावरच्या आत्या-भाच्याचं बोलणं मन लावून ऐकत होत्या. भाच्यानं मोबाइल आत्याच्या नाकाशीच धरला होता.

"पाह्य वं आत्या, समुद्रावरचा बगळा! आपल्या तळ्यावर पयल्यांदा!"

"आपल्याकडं बगळे तं रोजच येतात गा."

"ते पांढरे. हा राखाडी आहे. चोच काळी, पाय काळे, बोटं पिवळी. पुस्तकात अस्साच आहे."

"पांढऱ्याची बोटं बी पिवळीच राह्यतात."

"म्हणून तं पिसांचा रंग पाहा लागते! पक्ष्यांच्या ग्रुपवर टाकून राहिलो, माझं नाव होईन."

"थांब. उडतानाचा फोटो आहे का?"

"हा पाह्य."

"पंखाखालून कसा दिसते?"

"खालून... पांढरा. वरूनच राखाडी."

"अन् सकाळी आपल्या दोरीवरची चादर?"

"वरून वीजकेंद्राच्या चिमणीच्या राखेनं भरलेली, खालून... अरे बापरे! म्हंजे हा साधाच बगळा?"

"मंग! चादर मी झटकून घेते. त्याले कोन झटकन?"

"आता ग्रुपवर काय लिहू?"

"लिही, पाहुणा नाही, आमच्याच कॉलनीतला आहे."

बस आली. कुसुमताईंनी उठता उठता पदर झटकला.