बरोबर चाळीस

ओझरच्या एसटीत पुढच्या बाकावर अवसरीची सारजाबाई मैत्रिणीला, हिराला, नवऱ्याबरोबर केलेली जहाजाची सहल सांगत होती. मागं बसलेल्या नीलमनं मोबाईल कधीच खाली ठेवला होता.

"नदीकाठचं शहर बघाया आमी चाळीस जण उतरलो. बागेत ह्या एवढाल्या घोरपडी, मोकाट! येताना समदी पांगलेली, गाईडला माणसंच मोजता यीनात."

"मग?"

"मीच जहाजाच्या दारात उभी ऱ्हायले. मेंढरावानी एकेक आत सोडलं. बरोबर चाळीस! जहाज सुटलं."

"आन् राघूभावजी?"

"ते तिथंच ऱ्हायलं."

"अगं, मग चाळीस कसं भरलं?"

"एक शहाळंवाला आत आला व्हता."

"मग भावजींना आणायला कळव की कुणाला!"

"आन् मोजणी चुकली म्हणून कबूल करू व्हय? सात पिढ्यांत आमचं एक मेंढरू हरवलं न्हाई!"