मानाचा पहिला डबा

...अन् वरून मलेच म्हणते, "बाबा, हासा ना जरा!" आता हासू कायले? तुमीच सांगा! छातीवर लोखंडाचा दांडा, पाय अधांतरी, अन् समोर... समोर काहीच नाई! मांगच्या माणसाले पुढच्याचं टकलं तरी दिसते, आपल्या आंधी कोणतरी मरन हा धीर राह्यते. मले काय दिसे? दोन पटऱ्या, सरळ आभायात चाललेल्या! अन् बाजूले कोण? माहे इवाई! पुसदचे शामराव, माह्या पोरीचे सासरे! सांगतो तुमाले, त्या रोलर कोस्टरवर मी काही हौसेनं नाई चढलो. मले मानानं चढवलं! अन् मान हाय बापा, नाई कसं म्हणाव?

थांबा, तुमाले वाटन हा बुढा उगाच रडून राह्यला. पह्यलेपासून सांगतो.

मांगच्या मे महिन्यात माही समीक्षा पुसदले देल्ली. ऋतिक जवाई, पोट्टं एक नंबर, त्याच्याबद्दल माही काही तक्रार नाई. लग्न दिग्रसले, कार्यालयात. पुढच्या लायनीत सोफे, मांगं प्लास्टिकच्या खुर्च्या. झालं काय, मंगलाष्टकाच्या आंधी इवायाचा फोन वाजला, ते बोलाले बाहेर गेले, वापस येऊन पायते त त्यायच्या सोफ्यावर माहा साळा! पाय पसरून! आता मी हे पायलं. खोटं कायले बोलू, चांगलं दोन डोयांनी पायलं. उठवलं त साळा नाराज, साळा नाराज त बायको नाराज... मी म्हणलं जाऊ द्या, पाच मिनिटाचं काम, अक्षदा पडल्या का झालं! अन् इवाई बसले प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिचा एक पाय वाकडा. सारं लग्न लागेपर्यंत माणूस डुगडुग डुगडुग हालून राह्यला! बोलले का काही? शिव्या देल्या का? काहीच नाई! फक्त म्हणले, "बरं हाय."

भांडले असते त परवडलं असतं हो! भांडण दोन दिवसात मिटते. हे "बरं हाय" आठ महिने चाललं! पोरीची पह्यली दिवाळी, विमलनं — माह्या बायकोनं — जवायाचा ड्रेस, पोरीची साडी, सारं घेऊन ठेवलं. मी फोन केला त इवाई म्हणते, "पाहू, सध्या सोयाबीनची सवंगणी चालू हाय." दिवाळीत? अरे सोयाबीन केव्हाचंच मार्केटात गेलतं! आठ महिन्यात पोरगी घरी आली एक डाव, दोन घंट्यासाठी, उभ्या उभ्या. विमल ती साडी कपाटातून काढे, घडी मोडे, वापस घडी घाले. मी तोंडापुढं पेपर धरून बसो. पण डोयात पाणी असलं का अक्षरं हालते ना बापा! मले माही पोरगी पाह्यजे होती, दुसरं काहीच नाई.

माफी मागाची मंग, असं तुमी म्हणसान. कितीक डाव फोन हातात घेतला! "हॅलो" म्हणलं का पलीकडून "बोला", अन् मी विचारो, "तुमच्याइकडं पाणी आलं का?" झाली माफी!

अशात ते पार्क सुरू झालं. दिग्रस-पुसदच्या मधात, त्या बरडावर, जथी कुसळं सुद्धा धड उगवत नव्हते, तथी एकदम गोल फिरणारे पायणे, बदकाच्या नावा, अन् मधात हा एवढा मोठा लोखंडाचा सापळा! जवायाले तीन पास भेटले. पोरगी सासऱ्याले मामाजी म्हणते, ती फोनवर हळूच म्हणे, "बाबा, मी मामाजीले कसंबी करून आणतो. तुमी या. समोरासमोर बोला एकडाव." निंघतानी विमलनं दारात अडवलं. "इवाई जे म्हणतीन त्याले हो म्हणजा! नाई म्हणून आलेसान त घरी येजा नोका!" म्हणजे पाय ना, मी घरून निंघालो तोच हातपाय बांधून!

तथी गेलो त इवाई उभे. कडक इस्तरीचं धोतर, टोपी. "रामराम." "रामराम." बस! संपलं! मधात आमची पोरगी. मंग तिनं मोबाईल काढला. तिले लहानपणापासून याचं भल्लं वेड, रोलर कोस्टरचे व्हिडिओ पाहे, कोणत्या देशात किती उंच, सारं पाठ. लायनीत चाळीस मिनिटं उभं राहाचं होतं, म्हणून ती लागली सांगाले, का दोन बुढ्यांत काही बोलणं तरी निंघाव.

"मामाजी, हे सुरू झालं रशियात! तीनशे वर्षांच्या आंधी! लाकडाचा डोंगर उभा करे, त्याच्यावर पाणी ओते, थंडीनं त्याचा बर्फ होये, अन् लोक बर्फाच्या लादीवर गवत टाकून बसे, का सुऊऊ करून सत्तर फूट खाली!"

मी म्हणलं, "काहून? खाली काही काम राहे का?"

"नाई बाबा, मजा!"

मजा! मी वर पायलं. तितक्यात गाडी वरून सुटली अन् माणसं अशी बोंबलली, अशी बोंबलली... का मी लायनीत एक पाऊल मांगंच सरकलो. इवायाकडं पायलं त ते टोपी नीट करून राह्यले. तिसऱ्यांदा.

पोरगी चालूच! मंग फ्रान्सवाल्यानं त्याले चाकं लावले, खाचेतून पयवले. मंग अमेरिकेत कोण्या डोंगरावर कोयशाची खाण, कोयशाच्या गाड्या उतारानं आपोआप खाली जाये, अन् रिकाम्या गाड्या वर ओढाले खच्चरं. मंग ते खच्चरं वापस खाली कसे आणाव? तर त्यायलेही गाडीतच बसवे! अन् त्या खच्चरायले इतकं आवडलं, इतकं आवडलं, का मंग ते पायी खाली उतराले तयारच नाई होये! हे ऐकून लोकायले वाटलं, खच्चरं मजा करते, आपुन काहून नाई? अन् तिकीट काढून माणसं बसाले लागले. आता सांगा! ज्या गोष्टीचा मास्तर खच्चर, तथी मी लाईन लावून उभा!

मंग म्हणे एकानं एकशेचाळीस वर्षांच्या आंधी समुद्राच्या काठावर खास मजेसाठीच गाडी बांधली. का बांधली? का लोक दारूच्या गुत्त्यात जाऊ नये म्हणून! मी म्हणलं माय, मी दारू पेत नाई, मले काहून शिक्षा? मंग कोणं पटरीचा उभा, गोलच गोल वेढा केला, त्याच्यात माणसायच्या माना धरल्या... "आता नाई धरत बाबा, आता वेढा थेंबावानी उभट राह्यते. अन् चाकं वरून, बाजूनं, खालतून, तिन्हीकडून पटरी धरते, गाडी उडूच शकत नाई!" हे एक बोलणं मी मनात पक्कं बांधून ठेवलं. खालतून धरते. खालतून धरते.

अन् तथीच घात झाला! पोरगी म्हणे, "मामाजी, रशियाच्या राणीनं तर आपल्या महालात खास सोताच्यासाठी बांधून घेतला होता!"

इवाई एकदम सरळ झाले. आठ महिन्यात पह्यल्यांदा चेहऱ्यावर तेज! "राणी? राणी बसे याच्यावर?"

"हो मामाजी!"

"म्हणजे ही राजघराण्याची बैठक हाय!" अन् माह्याकडं पायलं. अस्सं पायलं! अन् आठ महिन्यानंतर तो माणूस माह्याशी समोरासमोर पह्यलं पुरं वाक्य बोलला. "इवाई... मंग पह्यल्या डब्यात तुमी बसा. माणसाले मानाची जागा देणं आमाले समजते."

समजलं का तुमाले? प्लास्टिकच्या खुर्चीचा हिशेब! सारी लाईन पाहून राह्यली, पोरगी पाहून राह्यली. मी "नाई" म्हणलं का संपलं, पोरगी वापस पुसदले, अन् मी घराबाहेर. मान हाय बापा, नाई कसं म्हणाव?

पण मीबी दिग्रसचा! मी हात जोडले. "छे छे इवाई, पोरीचा बाप पुढं अन् पोराचा बाप मांगं, असं कोठी राह्यते का? पह्यली जागा तुमची!"

त्यायचा रंग उडाला! "नाई नाई, तुमी मोठे."

"तुमी मोठे!"

"तुमी पाहुणे!"

"अहो पार्क दिग्रसच्या बाजूले, पाहुणा मी कसा?" मांगून पोट्टे वरडून राह्यले, "ओ काका, बसा ना कोणीबी!" अन् आमी दोघं एकमेकायचा हात धरून एकमेकाले डब्यात लोटून राह्यलो, तोंडावर हासू, अन् दोघायचेबी पाय डब्याच्या बाहेर रोवलेले!

तेवढ्यात गाडीवाला आला. खाकी ड्रेस, गयात शिट्टी, झुबकेदार मिशा... अरे, हा त आपला तांड्यावरचा रूपसिंग! चार साल माह्या तुरीवर थ्रेशर घेऊन येणारा रूपसिंग! "रामराम नानाजी काका! भांडता कायले? पह्यल्या डब्यात दोन सीटा हाय!" अन् दोघायलेबी बसवलं, खटाक करून दांडा लावला. मी हळूच इचारलं, "रूपसिंग, येते ना रे तुले हे?" त म्हणते, "काका, पंधरा दिवसाचं ट्रेनिंग झालं. थ्रेशरपेक्षा सोपं हाय, हिरवं बटन दाबलं का चालू!" मी म्हणलं, अन् लाल? ...तो गेलता.

मांगच्या डब्यातून पोरगी मोबाईल पुढं काढून म्हणते, "बाबा, हासा ना जरा!"

हासलो. कसा हासलो ते मले माहीत.

अन् निंघाली गाडी. कट... कट... कट... कट... तो आवाज ऐकला का तुमी कधी? खालतून दाते अडकते म्हणे, गाडी मांगं घसरू नये म्हणून. म्हणजे मांगं जाता येत नाई, हे दर वेळेस कट करून सांगते! खालची माणसं लहान झाली. पायणे लहान झाले. कट... कट... वारं सुटलं. इवायाची टोपी उडाली. त्यायनं पायलं सुद्धा नाई! दोन्ही हातानं दांडा धरला, डोये गच्च. मी उघडे ठेवले, काहून का मिटले त अजून भेव वाटे. अन् पायलं... काय सांगू तुमाले! सारं दिसे! पुसदकडचं धरण, चकाकून राह्यलं. इकून दिग्रसचं जिनिंग, कापसाचे ढीग, पांढरेफेक. चाळीस साल मी त्याच मातीत फिरलो, पण ती एवढी सुंदर हाय हे मले कोणं सांगितलंच नव्हतं! मले वाटलं, त्या रशियावाल्यायनं, त्या कोयसावाल्यायनं, त्या खच्चरायनं, सारं केलं ते याच्यासाठीच केलं असन.

अन् आवाज थांबला.

कट बंद. सारं चूप. नाक पुढं वाकलं. बाजूले इवाई, डोये मिटलेले, एकदम बारीक आवाजात, लेकरावानी म्हणते, "नानाजी... त्या खुर्चीचा पाय वाकडा होता हो."

आठ महिने! आठ महिने मी त्या वाक्याची वाट पाहून राह्यलतो! मी म्हणलं, "इवाई, चुकी माहीच. मी पायलं होतं. मले माआआआआ—"

गेली गाडी! सुटली! आतडे वरतं राह्यले, मी खाली! अन् मी वरडून राह्यलो, "—आआआफ कराआआआ!" अन् इवाई वरडून राह्यले, "केलंऽऽऽऽ! केलं माआआआफ! धराआआ मले!" मी त्यायले धरलं, त्यायनं मले धरलं, वेढा आला, पाय वर, डोकं खाली, "माह्या पोरीले पाठवाआआ!" "पाठवतोऽऽऽ! उद्याच पाठवतोऽऽऽ!" खालतून धरते, खालतून धरते... अन् झप्पकन थांबली.

दांडा वर गेला तरी आमी एकमेकाले सोडलं नाई. रूपसिंगनं दोन बोटं उघडले, तीन उघडले. इवायाच्या डोयांतून पाणी. माह्याबी. पोरगी धावत आली अन् दोघायच्या मधात रडाले लागली. भर पार्कात! मले वाटलं, जितलो बापा.

अन् इवायानं नाक पुसलं, वर पायलं, अन् काय म्हणले सांगू? "इवाई, अजून एकडाव!"

त्या दिवशी चार डाव बसलो. चारही डाव पह्यल्या डब्यात. मान हाय बापा, नाई कसं म्हणाव?

आता तुमी म्हणसान, झालं ना चांगलं! झालं. एकदम चांगलं झालं! आता दर महिन्याले इवाई सोता गाडी करून पोरीले माहेरी आणून सोडते, सोबत जवायाले आणते, अन् रात्री आमच्याकडंच मुक्काम करते. विमलच्या अंगात दहा माणसायचं बळ येते. घरात पुरण शिजते, तुपाची वाटी फिरते, जवाई खाते, पोरगी खाते, इवाई त सहा पुरणपोया हाणते अन् वरून दूध पेते. आठ महिने मी ज्याच्यासाठी रडलो ते सारं माह्या डोयापुढं राह्यते... अन् मी? मी कोपऱ्यात बसून कोरा भात खातो बापा. दुसऱ्या दिवशी सकायी दहा वाजता, पह्यल्या डब्यात बसाचं राह्यते ना!