पार्वताबाईनं विचारलं

सिस्टर नोराचं सांगतो, ऐका. ऐंशी सालच्या आसपास ही विशीतली पोरगी आयर्लंडहून आमच्या रोहण्याला मिशनच्या कामाला आली. मराठी शिकली होती, पण पुस्तकातली. अडलं तर समजवायला मी, गावचा मास्तर, सोबत असायचो.

दुसऱ्याच आठवड्यात ती म्हाताऱ्या पार्वताबाईच्या पायाची जखम धूत होती. म्हातारीनं विचारलं, “एवढ्या दूर काऊन आली वं पोरी?”

“तुमची सेवा करायला.”

“मंग तुह्या मायची सेवा कोन करून राह्यलं?”

नोराचा हात थांबला. तिला वऱ्हाडी कळली नसेल, म्हणून मी समजवायला लागलो.

“कळलं, मास्तर,” ती म्हणाली. “उत्तर येत नाही.” डोळे भरून आले होते.

म्हातारीनं पाय मागे घेतला. “जखम मंग धुजो. आधी रडून घे.”