पेट्रोलचं शाळेतलं नाव

तुम्हाला हसू येईल, पण मला ते अजून लागून राहिलंय. आमची मनू दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं हिंदीत. मी कुकर लावत असताना तिने विचारलं, "आई, पेट्रोल और पेट्रोलियम अलग हैं क्या?"

"मराठीत विचार," मी म्हटलं. मला विचार करायला तेवढाच वेळ! मग ऐटीत सांगितलं, "तू घरी मनू, शाळेत मनस्विनी. तसंच ते. पेट्रोल घरचं नाव, पेट्रोलियम शाळेतलं."

दुसऱ्या दिवशी ती तोंड पाडून आली. "सगळे हसले मला. पेट्रोलियम जमिनीतून निघतं, कच्चं. त्यातून पेट्रोल बनवतात. डिझेल पण, रॉकेल पण."

"मिस काय म्हणाल्या?"

"विचारलं, किसने बताया?"

मी घाईघाईने विचारलं, "मग?"

"मी बाबांचं नाव सांगितलं. पालकांच्या मीटिंगला तू येतेस ना शाळेत!"

मी तिला जवळ घेतलं, हसलेसुद्धा. पण तेव्हापासून अभ्यासाला बसली की मनू मला एकच प्रश्न विचारते, "आई, बाबा ऑफिसातून कधी येणार?"