पहारेकऱ्याची उपमा कुणाची

मंडळी, वहिनी,

अशा प्रसंगी बोलणं अवघडच. त्यातून वाचनालयाच्या चालकांनी मला बसायला नेमकी हीच खुर्ची दिली. हिचा एक पाय आखूड आहे. अर्धा तास मी शोकाकुल चेहऱ्यानं डुगडुगत होतो आणि समोरच्यांना वाटत होतं, याला डुलकी लागली. या अन्यायाची कुठंतरी नोंद व्हावी.

अंबादास डॉक्टर असते तर ही वेळ आली नसती. रोज संध्याकाळी ते इथं येत, खिशातून कागदाची घडी काढून या पायाखाली सरकवत आणि मगच बसत. घडी कसली, तर त्यांच्याच संशोधनाच्या लेखाची उरलेली प्रत. म्हणायचे, "हितं तरी कुणीतरी माझ्या पेपरचा आधार घेतंय की." गेल्या सोमवारी ते गेले. आज घडी कुणी ठेवली नाही.

आपल्या सोलापूरच्या भवानी पेठेत मागावर बसणाऱ्या बापाचा हा मुलगा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदीर पाळून आयुष्यभर एकच प्रश्न विचारत राहिला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरच्या जंतूंवर तुटून पडतात, मग कर्करोगाला का सोडतात? मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चोर बाहेरचा असता तर पहारेकऱ्यानं धरला असता. हा पडला घरातलाच. पहारेकरी त्याला सलाम ठोकतो."

वर्षातून एकदा ते रजा टाकून पुण्याला जात. तिथल्या ग्रंथालयात एक जाडजूड सूची असते: जगात कुणी कुणाच्या लेखाचा हवाला दिला, त्याची. आले की मी विचारायचो, "काय डॉक्टर, यंदा पीक कसं?"

"दोन हवाले. त्यातला एक माझाच."

हसायचे. एका वर्षी हसले नाहीत. परदेशातल्या एका मोठ्या लेखात त्यांचाच विचार होता, त्यांच्याच पायऱ्यांनी मांडलेला. नाव मात्र नव्हतं. मी भडकलो. म्हटलं, पत्र लिहा, वाभाडे काढा.

"त्यांनी वाचला नसंल हो. सोलापूरचा लेख तितं कोण बघतंय?" मग म्हणाले, "पण तुमी तर माझ्या शेजारीच बसता की."

मंडळी, तो पहारेकरी मी साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी सदरात वापरला होता, त्यांचं नाव न देता. महापालिकेला टोला म्हणून. गावभर लोक हसले. अजूनही कुणीतरी रस्त्यात थांबवून ते वाक्य मला ऐकवतो. मी मान तुकवतो.

तेव्हा मी म्हटलं, "अहो, विनोदाला कुठं तळटीप असते का?"

"नसंना. पण उद्या त्यात चूक निघाली, तर लोकांनी कुणाला विचारायचं? नाव त्यासाठी लागतं."

पुढच्या अंकात देतो, म्हणालो. किती अंक निघाले त्यानंतर? ते रोज शेजारी बसले. रोज. पुन्हा एकदाही त्यांनी विचारलं नाही.

आज सकाळी छापखान्यात एक चौकट देऊन आलो. वहिनी, तुम्हाला आधी वाचून दाखवतो. "पहारेकऱ्याची उपमा डॉक्टर अंबादास यांची. या लेखकानं ती न विचारता घेतली." एवढंच आहे. त्यात चूक निघाली, तर आता मला विचारा.

चला, दोन मिनिटं गप्प उभे राहू या.

डॉक्टर, उशीर झाला. नमस्कार.